क्लाउडमधून बाहेर जाणारा वेब ट्रॅफिक आणि प्रॉक्सीची परवानगी-यादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लाउडमधलं नेटवर्क सांभाळणारे आणि त्या नेटवर्कवर कोड चालवणारे, अशा दोघांसाठी हे पान आहे. विषय एवढाच: सर्व्हरवरून बाहेर जाणारा वेब ट्रॅफिक प्रॉक्सी या मध्यस्थामार्फतच न्यायचा आणि त्याने यादीतल्या नावांनाच परवानगी द्यायची. "यापुढे बाहेर फक्त ठरलेल्या ठिकाणीच जाता येईल" असं जाहीर झालं की दोन्हीकडून प्रश्नांचा पाऊस पडतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

आत येणारा ट्रॅफिक आम्ही कडेकोट बंद केलाय. बाहेर जाणाऱ्याची एवढी काळजी कशाला?

कारण बहुतेक हल्ल्यांना शेवट गाठायला बाहेरची वाट लागते. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरशेल ही जावाच्या लॉगिंग लायब्ररीतली त्रुटी आठवा. हल्लेखोर फक्त एक मजकूर पाठवायचा. तो लॉगमध्ये लिहिला जाताना जावाचा सर्व्हर आपणहून हल्लेखोराच्या एलडॅप (डिरेक्टरी) सर्व्हरला जोडला जायचा आणि तिथून मिळालेला कोड चालवायचा. आत आलेली रिक्वेस्ट रोजच्यासारखीच होती. घात केला तो बाहेर गेलेल्या कनेक्शनने. ज्या सर्व्हरला बाहेर जायची मुभाच नव्हती, तिथे कोड खेचून आणायचा टप्पा अडायचा.

आणि ही मुभा बहुतेक ठिकाणी कोणी विचार करून दिलेली नसते. ॲमेझॉनचा नवा सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरभोवतीचे फायरवॉल नियम) बाहेरच्या दिशेने सगळं मोकळं ठेवूनच जन्माला येतो. गूगल क्लाउडच्या व्हीपीसीमध्ये (क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कमध्ये) बाहेर जायची परवानगी अध्याहृत असते, नियमांच्या यादीत ती दिसतही नाही. अझुरच्या नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्येही इंटरनेटकडे जाऊ देणारा नियम आधीपासून बसवलेला असतो. आपण काहीच ठरवलं नाही तर उत्तर "हो" असतं. ते "नाही" करायचं आणि मग एकेक नाव विचारपूर्वक उघडायचं, एवढंच हे काम आहे. कार्डाचे व्यवहार हाताळत असाल तर ते ऐच्छिकही नाही: पीसीआय डीएसएस या कार्डांच्या सुरक्षा-मानकानुसार कार्डाची माहिती असलेल्या भागातून बाहेर फक्त गरजेचाच ट्रॅफिक जाऊ द्यायचा आणि बाकीचा स्पष्टपणे नाकारायचा असतो.

हे सिक्युरिटी ग्रुपमध्ये आयपी पत्ते टाकूनच करता येणार नाही का?

डेटाबेससारख्या ठरावीक पत्त्याच्या गोष्टींसाठी येईल. वेबसाठी नाही. आज बहुतेक सेवा सीडीएनच्या (साइट्स ठिकठिकाणच्या सामायिक सर्व्हरवरून पोचवणाऱ्या जाळ्याच्या) मागे असतात. त्यांचे पत्ते बदलत राहतात आणि एकाच पत्त्यावर हजारो साइट्स नांदतात. आज बिनचूक असलेला नियम काही दिवसांनी एखाद्या रात्री तुमचं पेमेंट बंद पाडतो. हे टाळायला म्हणून सीडीएनचे सगळे पत्ते उघडले, तर त्याच सीडीएनवर साइट टाकून बसलेल्या हल्लेखोरालाही दार उघडलं. वेबवर गोष्टी नावाने ओळखल्या जातात, त्यामुळे नियमही नावावरच असायला हवा. त्यासाठीच प्रॉक्सी.

एचटीटीपीएस तर एन्क्रिप्टेड असतं. मग प्रॉक्सीला नाव कळतं कसं?

क्लायंटच सांगतो. मधे प्रॉक्सी आहे हे माहीत असलेला क्लायंट आधी प्रॉक्सीला जोडतो (स्क्विड हा प्रॉक्सी वापरत असाल तर साधारणपणे ३१२८ पोर्टवर) आणि साध्या मजकुरात एक ओळ पाठवतो: "कनेक्ट", पुढे सर्व्हरचं नाव, मग अपूर्णविराम (:) आणि ४४३ हा पोर्ट. प्रॉक्सी ते नाव यादीत शोधतो. सापडलं तर स्वतः डीएनएसला (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारून पत्ता काढतो, तिकडे कनेक्शन उघडतो, क्लायंटला २०० कळवतो आणि मग दोन्हीकडचे बाइट्स नुसते इकडून तिकडे पोचवत राहतो. टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्शनची, बोलणी त्या बोगद्याच्या आत होतात, प्रॉक्सीला त्यातलं काही वाचता येत नाही. नाव यादीत नसेल तर ४०३, विषय संपला.

पत्ता प्रॉक्सी स्वतः शोधतो, याकडे लक्ष द्या. पुढच्या दोन-तीन उत्तरांचा सगळा भार त्यावर आहे.

क्लायंटला काही न सांगता मधेच ट्रॅफिक अडवणारा, म्हणजे ट्रान्स्परंट फायरवॉल सोपा नाही का?

बसवायला सोपा आहे, हे खरंच. ॲमेझॉनचा नेटवर्क फायरवॉल डोमेनच्या यादीवर अशाच पद्धतीने चालतो: टीएलएस सुरू होताना क्लायंट एसएनआय या खान्यात जे नाव लिहितो, ते वाचून निर्णय घेतो. अडचण ही की ते नाव क्लायंटने लिहिलेलं असतं आणि कुठल्या पत्त्यावर जायचं हेही क्लायंटच ठरवतो. सर्व्हरवर घुसलेला प्रोग्रॅम एसएनआयमध्ये तुमच्या यादीतलं नाव लिहून थेट स्वतःच्या आयपीकडे जाऊ शकतो. नाव आणि पत्ता जुळतात की नाही हे तपासलं जात नसेल, तर फायरवॉल फसतो. एक्स्प्लिसिट, म्हणजे क्लायंटला आधीच सांगून ठेवलेल्या प्रॉक्सीत ही चलाखी चालत नाही, कारण पत्ता तो स्वतः शोधतो. शिवाय एसएनआयच झाकून टाकणारं एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो जसजसं पसरेल, तसतसं वाटेत बसून नाव वाचणं अवघड होत जाईल.

माझं मत विचाराल तर सर्व्हरच्या नेटवर्कसाठी एक्स्प्लिसिट प्रॉक्सीच घ्या. सुरुवातीला सेटिंग्जची कटकट होते, पण कोण कुठे जातं याबाबत शंका उरत नाही. प्रॉक्सी सेटिंग जिथे देताच येत नाही अशी जुनी यंत्रणा असेल, तर तेवढ्यापुरता ट्रान्स्परंट पर्याय ठेवा.

प्रॉक्सी बसवला. नॅट गेटवे राहू दिला तर चालेल ना?

नाही. नॅट गेटवे म्हणजे आतल्या सर्व्हरना थेट इंटरनेटवर नेणारी वाट. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, असं होईल. हल्लेखोराचा कोड तुमचं प्रॉक्सी सेटिंग वाचायच्या भानगडीत पडत नाही, तो सरळ बाहेर जाऊन बघतो. ॲप्लिकेशन्सच्या सबनेटच्या राउट टेबलमध्ये इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट राउट नकोच. तो फक्त प्रॉक्सीच्या सबनेटला हवा. आयपीव्ही६ सुरू असेल तर त्याचा वेगळा राउटही तपासा. हा हमखास विसरला जातो.

खात्री कशी करायची? एखाद्या ॲप सर्व्हरवर जा, प्रॉक्सीचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल काढून टाका आणि कर्लने (कमांडवरून वेब पत्ता उघडणाऱ्या टूलने) बाहेरची कुठलीही साइट उघडून बघा. कनेक्शन लटकून टाइमआउट झालं तर काम झालं. उत्तर आलं तर यादीत काहीही लिहिलेलं असो, तिचा उपयोग नाही. ही चाचणी एकदाच करून सोडू नका, रोज आपोआप चालेल असं बघा. कोणीतरी घाईत राउट जोडतं आणि काढायचं राहून जातं.

यादी पहिल्यांदा तयार कशी करायची? आमची ॲप्स कुठेकुठे जातात तेच आम्हाला ठाऊक नाही.

कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे टीमला विचारून यादी बनवायला बसू नका. आधी प्रॉक्सी फक्त नोंद घेणाऱ्या स्थितीत चालवा: सगळं सोडा, पण "यादी लागू असती तर हे अडलं असतं" याचा लॉग ठेवा. स्ट्राइपने ओपन सोर्स केलेल्या स्मोकस्क्रीन या प्रॉक्सीत यासाठी वेगळा मोडच आहे. हा काळ निदान एक महिनाअखेर ओलांडेल इतका ठेवा, कारण महिन्यातून एकदाच चालणारी बिलिंगची कामं, सर्टिफिकेटचं नूतनीकरण, बँकेकडे जाणारी फाइल यांची नावं त्याआधी दिसतच नाहीत.

मग लॉगमधली नावं जशीच्या तशी यादीत ओतू नका. प्रत्येक नावाला "हे कोणाला, कशासाठी लागतं?" एवढं विचारा. टेलिमेट्री पाठवणाऱ्या लायब्ररी, कधीच बंद झालेल्या सेवांना अजून हाका मारणारा कोड, कोणीतरी चाचणीपुरतं जोडलेलं वेबहुक, असं बरंच काही गाळणीत अडकतं. सबंध प्रकल्पातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी पायरी हीच. आपली सिस्टीम कोणावर अवलंबून आहे हे पहिल्यांदाच कागदावर उतरतं.

पोर्ट ८० वरच्या काही नोंदी पाहून दचकू नका. सर्टिफिकेट रद्द झालंय का हे सांगणाऱ्या याद्या साध्या एचटीटीपीवरूनच येतात.

वाइल्डकार्ड वापरावं का?

वाइल्डकार्ड म्हणजे एका डोमेनखालची सगळी नावं एकदम उघडणारी नोंद. ज्या डोमेनखालचं प्रत्येक नाव एकाच, तुमच्या विश्वासातल्या मालकाच्या ताब्यात आहे, तिथे वापरा. बाकी ठिकाणी नको. याद्या मोडतात त्या इथेच, म्हणून थोडं सविस्तर.

समजा, तुम्ही 'ॲमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम'च्या खालचं सगळं उघडलं. कारण रास्त आहे: ॲपला एसथ्री या ॲमेझॉनच्या साठवण-सेवेतल्या आपल्या बकेटपर्यंत (फाइल्स ठेवायच्या जागेपर्यंत) जायचंय. पण एसथ्रीची बकेट कोणालाही काही मिनिटांत काढता येते आणि तिचं नाव याच डोमेनखाली येतं. हल्लेखोर स्वतःची बकेट काढतो आणि तुमचा डेटा तिच्यात टाकतो. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये ती ओळ हिरवीगार दिसते. अझुरचं ब्लॉब स्टोरेज घ्या, गूगलचं स्टोरेज घ्या, गोष्ट तीच. गिटहबला तर वाइल्डकार्डचीही गरज नाही: नाव एकच, आणि त्याच्या आत कोट्यवधी लोकांची खाती. डोमेनचं नाव इमारत सांगतं, आत कुठल्या खोलीत गेलात ते सांगत नाही.

त्यामुळे अशा सामायिक सेवांबाबत प्रॉक्सीच्या यादीवर विसंबू नका. ॲमेझॉनमध्ये व्हीपीसी एंडपॉइंट (त्या सेवेकडे जाणारी आतली खासगी वाट) काढा आणि त्याच्या पॉलिसीत "फक्त आमच्या अकाउंटमधल्या बकेट" अशी अट घाला. गूगल क्लाउडमध्ये व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्स याच कामासाठी आहेत, अझुरमध्ये प्रायव्हेट एंडपॉइंट. ट्रॅफिक प्रॉक्सीवरून जाणारच नाही, त्यामुळे त्याच्यावरचा भारही हलका होतो. एसथ्रीच्या गेटवे एंडपॉइंटला वेगळे पैसेही पडत नाहीत, तर नॅट गेटवेवर प्रत्येक जीबीमागे आकार लागतो.

नियम लिहिताना आणखी एक खबरदारी. स्क्विडमध्ये डोमेनच्या आधी टिंब दिलं की ते डोमेन आणि त्याखालची सगळी नावं जुळतात. टिंब नसेल तर फक्त तेवढंच नाव. हे लक्षात ठेवा आणि रेग्युलर एक्स्प्रेशन शक्यतो टाळा. शेवट न बांधलेल्या एक्स्प्रेशनला तुमचं डोमेन दुसऱ्या कोणाच्या लांबलचक नावाच्या मधोमध आलं तरी पटतं, आणि असं नाव विकत घ्यायला फारसा खर्च येत नाही.

प्रॉक्सीचं सेटिंग दिलं तरी आमचं ॲप ते जुमानत नाही. का?

कारण हे सेटिंग म्हणजे एक रूढी आहे, सक्ती नाही. प्रत्येक भाषा आणि टूल ती आपापल्या पद्धतीने पाळतं. कर्ल साध्या एचटीटीपीसाठीचं व्हेरिएबल फक्त लहान अक्षरांत वाचतो. मोठ्या अक्षरांतलं मुद्दाम वाचत नाही, कारण सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्रॅम चालवायच्या एका जुन्या पद्धतीत) बाहेरून आलेल्या हेडरमधून तेच नाव तयार करता येतं. २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी या नावाने हीच पळवाट गाजली होती. जावा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतच नाही. तिथे प्रॉक्सीचा होस्ट आणि पोर्ट सिस्टीम प्रॉपर्टी म्हणून द्यावे लागतात आणि वगळायच्या नावांमधे स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ लागते. डॉकरमध्ये इमेज खेचणाऱ्या डीमनचं सेटिंग वेगळं आणि कंटेनरच्या आतलं वेगळं. एक दिलं की दुसरं राहतं.

प्रॉक्सीतून न जाणाऱ्या नावांच्या यादीतही मतभेद आहेत. गो भाषेतले प्रोग्रॅम तिथे आयपीची रेंज समजून घेतात, पण पुष्कळ टूल्स ती रेंज म्हणजे एक विचित्र होस्टनेम समजून सोडून देतात. अंतर्गत नावं डोमेनच्या शेपटीने लिहिलेली बरी.

एसएसएचने गिट वापरणारी मंडळी बावीस पोर्ट मागतील. त्यांना एचटीटीपीएसवर आणा. सर्व्हरचं घड्याळ जुळवायलाही बाहेर जायची गरज नाही, क्लाउडची स्वतःची आतली वेळ-सेवा असते.

मेटाडेटाचा पत्ता प्रॉक्सीतून वगळा असं सगळे का बजावतात?

१६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर क्लाउड त्या-त्या मशीनला तिचीच ओळख आणि तात्पुरत्या किल्ल्या देतं. ही रिक्वेस्ट चुकून प्रॉक्सीकडे गेली, तर प्रॉक्सी ती आपल्या मशीनवरून करतो आणि उत्तरात येतात प्रॉक्सीच्या किल्ल्या! म्हणजे ॲप गोंधळतं ते वेगळंच, वर प्रॉक्सीचे अधिकार कोणाच्याही हाती पडतात. म्हणून दोन्हीकडे बंदोबस्त हवा: क्लायंटने तो पत्ता वगळावा, आणि प्रॉक्सीने लिंक-लोकल, लोकलहोस्ट आणि सगळ्या खासगी रेंजकडे जायला साफ नकार द्यावा. नकार नावावर नाही, नावाचं उत्तर म्हणून आलेल्या पत्त्यावर द्यावा; हल्लेखोराचं डोमेन आतल्या पत्त्याकडे बोट दाखवू शकतं.

२०१९ मध्ये कॅपिटल वनमधून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली, त्यात मेटाडेटाकडून मिळवलेल्या किल्ल्याच वापरल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली, तिच्यात आधी टोकन मागावं लागतं. ती सक्तीची करा.

वेब बंद केलं, पण डीएनएसमधून डेटा जातो असं ऐकलंय. खरं आहे?

खरं आहे. एका नावाचा प्रत्येक भाग ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो. चोरलेला डेटा तुकडे करून सबडोमेनच्या जागी लिहायचा आणि नुसतं ते नाव विचारायचं. तुमचाच रिझॉल्व्हर तो प्रश्न इमानेइतबारे हल्लेखोराच्या नेमसर्व्हरपर्यंत पोचवतो. लॉगफोरशेलच्या वेळी बाहेरचं कनेक्शन अडलेल्या सर्व्हरमधूनही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या वाटेने काढता येत होते. ॲमेझॉनच्या व्हीपीसीतल्या रिझॉल्व्हरकडे जाणारे प्रश्न सिक्युरिटी ग्रुप अडवतच नाही, त्यामुळे "सगळं बंद" केल्यावरही ही फट राहते.

आता प्रॉक्सी स्वतः पत्ता शोधतो, हे पुन्हा आठवा. ॲप सर्व्हरला बाहेरचं एकही नाव सोडवायची गरज उरलेली नाही. मग त्या नेटवर्कच्या डीएनएसवरही यादी लावा: आतली नावं आणि क्लाउडच्या एंडपॉइंटची नावं सोडून बाकी सगळ्याला नकार. ॲमेझॉनमध्ये राउट ५३ चा डीएनएस फायरवॉल हे करतो.

टीएलएस उघडून आतला मजकूर तपासावा का?

सरसकट नको. त्यासाठी प्रॉक्सीला स्वतःची सर्टिफिकेट्स द्यावी लागतात, म्हणजे तुमच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं) सर्टिफिकेट प्रत्येक इमेजमध्ये, जावाच्या वेगळ्या स्टोअरमध्ये, पायथनच्या वेगळ्या बंडलमध्ये भरणं आलं. पिनिंग करणारे, म्हणजे ठरावीक सर्टिफिकेटच मानणारे क्लायंट तरीही मोडतात. आणि सगळे पासवर्ड, सगळी टोकन एकाच मशीनच्या मेमरीत उघडी पडतात. एखाद्या सामायिक सेवेत पाथ बघूनच निर्णय घ्यायचा असेल, दुसरा कुठलाच उपाय नसेल, तर फक्त त्या नावापुरतं उघडा.

बिल्ड सर्व्हरना तर अख्खं इंटरनेट लागतं. त्यांचं काय?

लागतं असं वाटतं. खरं म्हणजे लागतात ती पॅकेजेस, आणि त्यांच्यासाठी आत एक रिपॉझिटरी मिरर (पॅकेजेसची आतली प्रत) ठेवा. बाहेर जाईल तो मिरर, बिल्ड फक्त मिररशी बोलेल. बिल्ड सर्व्हरकडे सगळ्या किल्ल्या असतात म्हणून तिथे सवलत द्यायची नाही. २०२१ मध्ये कोडकोव्हच्या अपलोड स्क्रिप्टमध्ये कोणीतरी बदल केला आणि ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला ते उघडकीस येईपर्यंत ती स्क्रिप्ट ग्राहकांच्या बिल्डमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भलत्याच सर्व्हरकडे पाठवत राहिली. कोडकोव्हचं नाव यादीत असणं रास्तच होतं. तो दुसरा सर्व्हर मात्र कोणाच्याही यादीत नसता.

कुबरनेटिसमध्ये काही वेगळं?

मुख्य फरक ओळखीचा. नोडच्या (एका मशीनच्या) पत्त्यामागून अनेक पॉड (कंटेनरचे गट) बाहेर पडत असतील तर प्रॉक्सीला कोण बोलतंय ते कळत नाही, आणि सगळ्यांची मिळून एकच लांब यादी होते. प्रत्येक सेवेला क्लायंट सर्टिफिकेट किंवा वेगळं युजरनेम देऊन स्वतंत्र यादी ठेवा. मूळच्या नेटवर्क पॉलिसीत डोमेनचं नाव लिहिता येत नाही; तिचा उपयोग "पॉडने फक्त प्रॉक्सी आणि आतल्या सेवांशीच बोलावं" एवढ्यासाठी करा.

प्रॉक्सीच पडला तर?

सगळं थांबेल, म्हणून तो डेटाबेसइतक्याच गांभीर्याने चालवा. निदान दोन झोनमध्ये, लोड बॅलन्सरमागे. सीपीयूपेक्षा आधी इतर गोष्टी संपतात: उघड्या फाइल्सची मर्यादा, जी पुष्कळदा १०२४ वरच राहिलेली असते, आणि बाहेर जायचे पोर्ट. लिनक्सची नेहमीची रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे एका पत्त्यावरून एकाच ठिकाणी सुमारे २८ हजार कनेक्शन. लोकप्रिय एपीआय एकच असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. यादी बदलताना प्रॉक्सी रीस्टार्ट करू नका, रीलोड करा. रीस्टार्टने चालू बोगदे तुटतात.

रिक्वेस्ट नाकारली गेली हे डेव्हलपरला कळणार कसं?

बऱ्याचदा कळत नाही, आणि लोक वैतागतात ते यामुळेच. कनेक्टला ४०३ मिळालं की लायब्ररी ते पान दाखवत नाही, "टनेल फेल" असलं काहीतरी म्हणून मोकळी होते. डेव्हलपर दोन तास समोरच्या कंपनीची सेवा बंद आहे असं समजून बसतो. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं: वेळ, क्लायंटचा पत्ता, "टीसीपी_डिनाइड/४०३", कनेक्ट, नाव आणि ४४३. नकाराच्या या ओळी प्रत्येक टीमला स्वतः शोधता येतील अशा डॅशबोर्डवर आणा. त्याच ओळी सुरक्षा टीमसाठीही सोन्यासारख्या आहेत: एरवी चार ठरलेल्या नावांशी बोलणारा सर्व्हर अचानक पाचवं, कोणी न ऐकलेलं नाव मागू लागला, तर तो इशारा लगेच तपासा.

यादीत नाव घालायचं कोणी, आणि किती वेळात?

यादी गिटमध्ये ठेवा. ज्याला नाव हवं त्याने पुल रिक्वेस्ट काढावी आणि नावाशेजारी कारण, टीम आणि पुन्हा तपासायची तारीख लिहावी. वाइल्डकार्ड, सामायिक सेवा आणि उघडा आयपी यांच्यावर आपोआप अडणारी तपासणी लावा. बाकी बदल त्याच दिवशी मंजूर होऊन लागू झाला पाहिजे. परवानगीला आठवडा लागू लागला की लोक पर्यायी वाटा शोधतात, आणि त्या वाटा लॉगमध्ये दिसत नाहीत. लॉगमध्ये तीन महिने एकदाही न दिसलेली नावं मालकाला विचारून काढून टाका.

मध्यरात्री काहीतरी अडलंय आणि कारण सापडत नाहीये. तेवढ्यापुरतं सगळं उघडावं का?

सगळं नको, ज्या सेवेची अडचण आहे तिच्यापुरती यादी नोंद घेणाऱ्या मोडमध्ये टाका. ट्रॅफिक सुटतो, लॉग चालू राहतो आणि नेमकं कुठलं नाव अडत होतं ते दोन मिनिटांत दिसतं. हा बदल ऑन-कॉल माणसाला एकट्याने करता यावा, पण त्याला मुदत असावी, चार तासांनी तो आपोआप मागे फिरावा आणि तसा संदेश सगळ्या टीमला जावा. नॅट गेटवे जोडायचा अधिकार मात्र ऑन-कॉलकडे देऊ नका.